जुन्या स्लाइड्सचा संगीतासह कार्यक्रम: स्कॅनर की कॅमेरा? आणि चित्र-संगीताचा मेळ कसा बसवायचा?

कडेकपारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या कपाटात ३५ मिमीच्या साधारण ९०० स्लाइड्स आहेत, १९७५ ते १९९५ दरम्यानच्या. फिल्म निम्म्याहून जास्त कोडाक्रोम ६४, बाकी एक्टाक्रोम आणि थोड्या ओर्वो. बहुतेक पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या माउंटमध्ये आहेत, शंभरेक काचेच्या माउंटमध्ये. शिवाय ‘इंदू’ फिल्मवरच्या कृष्णधवल निगेटिव्हच्या पट्ट्या आणि आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेल्या १२० या रुंद फिल्मच्या काही पट्ट्या.

पूर्वी दोन प्रोजेक्टर लावून, एक चित्र दुसऱ्यात विरघळवत, कॅसेटवरच्या संगीत-निवेदनाबरोबर कार्यक्रम होत असे. ते प्रोजेक्टर आता चालण्याच्या स्थितीत नाहीत. त्याच सामग्रीतून २० मिनिटांचा डिजिटल कार्यक्रम करायचाय. २०० जणांचं सभागृह, प्रवेश मोफत, प्रोजेक्टर बहुधा फोर-के मिळेल.

विचारायचं ते असं. फ्लॅटबेड (काचेवर ठेवून स्कॅन करणारा सपाट स्कॅनर) घ्यावा, फिल्म स्कॅनर घ्यावा की मॅक्रो लेन्सने कॅमेऱ्यावरच कॉपी करावी? (फुल फ्रेम २४ मेगापिक्सेल कॅमेरा उपलब्ध आहे, मॅक्रो लेन्स उसनी मिळेल.) काही स्लाइड्सवर बुरशीची जाळी आहे, त्यांचं काय करायचं? चित्रं किती घ्यावीत, संगीताशी कशी जुळवावीत? सॉफ्टवेअर कोणतं? आणि गाण्यांच्या हक्कांची भानगड काय असते?

---

रीळ_३६

आधी किती पिक्सेल लागतात ते ठरवा, म्हणजे निम्मा वाद मिटेल. स्लाइडची चौकट ३६ × २४ मिमी, म्हणजे ३:२. फोर-के पडदा ३८४० × २१६०. त्यात आख्खी आडवी स्लाइड बसवली की ती ३२४० × २१६० होते, दोन्ही बाजूंना ३०० पिक्सेल काळं उरतं. म्हणजे स्थिर चित्राला ७ मेगापिक्सेल पुरतात. दीडपट झूम करायचा असेल तर ४८६० × ३२४० लागतील.

आता उपकरणं. फ्लॅटबेडच्या खोक्यावरचे ६४०० डीपीआय (इंचाला ठिपके) विसरा. एप्सन व्ही७०० किंवा व्ही८५० फिल्मवर प्रत्यक्षात साधारण २३०० डीपीआयचा तपशील काढतात, व्ही६०० त्याहून बराच कमी, १५००-१६०० च्या घरात. २३०० डीपीआयने ३६ मिमीचे सुमारे ३२६० पिक्सेल होतात. फोर-केला काठोकाठ पुरले, झूमला जागा शून्य. प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आयवर ७२०० लिहिलेलं असतं, खरे ३२०० च्या आसपास मिळतात. पण त्यात एकेक स्लाइड हाताने सरकवावी लागते. ९०० स्लाइड्सना हे जिवावर येईल. निकॉन कूलस्कॅन ५००० ईडी खरे ४००० डीपीआय देतो, पण तो केव्हाच बंद झालाय. जुना घ्यायचा तर दुरुस्ती आणि सुटे भाग यांची जबाबदारी आपल्या डोक्यावर.

माझं मत कॅमेऱ्याच्या बाजूने. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४०००, फोर-केत दीडपट झूम करूनही शिल्लक उरते. वेगात तर तुलनाच नाही: मांडणी पक्की झाली की तासाला शंभर-दीडशे स्लाइड्स निघतात. मांडणी अशी:

लेन्स खरी १:१ मॅक्रो हवी, म्हणजे स्लाइड सेन्सरवर मूळ आकारात उतरवणारी. खाली डोकं केलेला कॅमेरा आणि कॉपी स्टँड, नाहीतर निकॉन ईएस-२ सारखी लेन्सवरच बसणारी नळी. ईएस-२ फुल फ्रेमवर ६० मिमी मायक्रोबरोबर बसते. हिचा मोठा फायदा म्हणजे कॅमेरा आणि स्लाइड एकत्रच हलतात, त्यामुळे कंपनाचा प्रश्न जवळजवळ संपतो.

स्टँड वापरणार असाल तर समांतरता आरशाने तपासा. स्लाइडच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. पाणसळ लावून हे जमत नाही, कारण टेबल आणि स्टँड दोन्ही वेगवेगळे कललेले असतात.

ॲपर्चर एफ/८, त्यापुढे नको. १:१ ला ॲपर्चरचा प्रत्यक्ष आकडा दुप्पट होतो: एफ/८ चं एफ/१६, आणि ‘सगळं शार्प यावं’ म्हणून एफ/१६ लावलंत तर एफ/३२, म्हणजे डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच मऊ. उलट एफ/४ ला पुठ्ठ्याच्या माउंटमधली फुगलेली फिल्म मध्यभागी शार्प आणि कोपऱ्यात धूसर येते. आयएसओ १००, रॉ, २ सेकंदांचा टायमर, फोकस फिल्मच्या दाण्यावर.

दिवा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा एलईडी पॅनेल, स्लाइडपासून ३-५ सेंमी खाली, म्हणजे पॅनेलवरची धूळ चित्रात उतरत नाही. स्लाइडबाहेरचा उजेड काळ्या कार्डाने झाका, नाहीतर तो लेन्समध्ये शिरून सावल्या राखाडी करतो. मोबाइलचा पडदा किंवा टॅब्लेट दिवा म्हणून वापरू नका, पिक्सेलची जाळीही दिसते आणि रंगही बिघडतात.

एक्स्पोजर: रिकामा माउंट ठेवून, नुसता उजेड जेमतेम जळणार नाही इतकं मॅन्युअलवर लावा. व्हाइट बॅलन्सही त्याच उजेडावर. कुठलीही स्लाइड रिकाम्या जागेपेक्षा जास्त उजेड सोडू शकत नाही, त्यामुळे हायलाइट जळण्याची भीतीच नाही. दाट, काळोख्या स्लाइडला दोन स्टॉप (चौपट उजेड) जास्तीचा आणखी एक शॉट घ्या.

१२० फिल्मच्या ६ × ६ सेंमी चौकटींना मात्र फ्लॅटबेड सरस. तेवढ्या मोठ्या चौकटीला २३०० डीपीआय म्हणजे ५००० × ५००० पिक्सेलच्या आसपास. क्लिक थ्रीच्या साध्या लेन्सने त्यातलं किती टिपलंय, हा प्रश्न वेगळा.

---

धूसर

वरच्याशी बहुतांशी सहमत, पण स्कॅनरच्या बाजूने एक मोठा मुद्दा राहिला: इन्फ्रारेड धूळ-सफाई, म्हणजे डिजिटल आइस. ३०-४० वर्षं कपाटात पडलेल्या स्लाइडवर शेकडो ठिपके असतात आणि कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये ते सगळे हाताने पुसावे लागतात. ९०० नाही, पण निवडलेल्या दीडशे चित्रांनाही हे काम महिनाभर पुरेल.

पण इथे कोडाक्रोम आडवी येते. आइस चालते ती रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि धूळ नसते म्हणून. एक्टाक्रोम, फुजीक्रोमसारख्या ई-६ पद्धतीने धुतलेल्या स्लाइड्सना ठीक. कोडाक्रोमचा सायन (हिरवट-निळा) थर इन्फ्रारेड अडवतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला काळोखे भाग धूळ वाटतात आणि ते बारकावे खाऊन टाकतं. ‘इंदू’च्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये तर प्रतिमा चांदीचीच असते, चांदी इन्फ्रारेड पूर्ण अडवते. तिथे आइस बंदच ठेवायची. तुमच्या निम्म्याहून जास्त कोडाक्रोम आहेत म्हणता, तेव्हा या हिशेबाने कॅमेराच बरा, आणि धुळीचा बंदोबस्त आधी हाताने.

माउंटवर नाव नसेल तर कोडाक्रोम ओळखायची सोपी खूण: स्लाइड उजेडात तिरपी धरा. निस्तेज बाजूला, म्हणजे इमल्शनला, चित्राच्या कडा उठावदार कोरल्यासारख्या दिसल्या तर कोडाक्रोम.

बुरशीबद्दल. पाणी, साबण, ओलं फडकं काहीही लावायचं नाही. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळू लागतं, चित्र पुसून हातात येईल. क्रम असा ठेवा:

ब्लोअरने दोन्ही बाजू (तोंडाने फुंकर नाही, थुंकीचे तुषार बसतात). मग मऊ अँटिस्टॅटिक ब्रश. एवढ्याने न निघालेल्या बुरशीला पेक-१२ सारखं फिल्म क्लीनर, नाहीतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं चालणार नाही, उरलेले ३० टक्के पाणीच असतं. लिंटरहित पॅडवर दोन थेंब, एकाच दिशेने हलका हात, प्रत्येक फटक्याला पॅडची नवी बाजू. आधी टाकाऊ स्लाइडवर करून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कॉपी आधी, सफाई नंतर. सफाईत काही गेलंच तर निदान फाइल हाताशी राहील.

बुरशीने जिलेटिनमध्ये कोरलेली जाळी क्लीनरने जात नाही, ती आता चित्राचाच भाग. अशा ठिकाणी फोटोशॉप किंवा गिंपमध्ये हीलिंग, तेही आकाशासारख्या सपाट भागातच. चेहऱ्यावरून जाळी गेली असेल तर ते चित्र कार्यक्रमात घेऊ नका, संग्रहात ठेवा.

काचेचे माउंट उघडावेच लागतील. दोन काचांमध्ये दमट हवा कोंडते, बुरशीला याहून चांगली जागा नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. पातळ पात्याने कडेची खाच सैल करा, फिल्म कडेने उचला आणि बिनकाचेच्या प्लास्टिक माउंटमध्ये घाला. माउंटवरचं हस्ताक्षर (तारीख, गडाचं नाव) आधी मोबाइलवर टिपून ठेवा, नंतर कुठली स्लाइड कुठली हे देवालाही सांगता येणार नाही. साठवण ४० ते ५० टक्के आर्द्रतेत. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, बस. जेल रंग बदललं की भाजून कोरडं करायचं, हे लोक विसरतात.

पेटी उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर ती फिल्म वेगळी काढा. ॲसिटेट बेस कुजायला लागलाय आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही नासवते. अशा स्लाइड्सची कॉपी सगळ्यात आधी.

---

कडेकपारी

दोघांचेही आभार. परवा सात-आठ स्लाइड्स चाचणीसाठी घेतल्या. तीन अडचणी: (१) काचेच्या माउंटमधल्या एका चित्रात आकाशात इंद्रधनुषी वर्तुळं दिसतात. (२) पॅनेलचा उजेड कमी केला की चित्रावर आडवे गडद पट्टे येतात. (३) काही एक्टाक्रोम पार लालसर झाल्यात, आणि व्हाइट बॅलन्स निळ्याकडे ओढला की सावल्या हिरव्या-निळ्या होतात.

---

रीळ_३६

(१) न्यूटनची वलयं. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकली की येतात. माउंट उघडलात की जातील. फ्लॅटबेडवर पट्टी थेट काचेवर ठेवलीत तरी हेच होणार, म्हणून होल्डर वापरा. निस्तेज बाजू काचेकडे करूनही वलयं टळतात, फक्त नंतर चित्र आडवं उलटवायचं. उलटवलं नाही तर शिलालेख आणि पाट्या आरशातल्यासारख्या दिसतील.

(२) पॅनेल मंद करताना दिवा प्रत्यक्षात मंद होत नाही, वेगाने चालू-बंद होतो. इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने वाचतो, त्यामुळे पट्टे. पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवा, मेकॅनिकल शटर किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन लावा, आणि वेग १/१५ किंवा त्याहून कमी. उजेड जास्त वाटला तर दिवा मंद करू नका, शटर जमतं का बघा, नाहीतर पॅनेलवर दुधी ॲक्रिलिकचा आणखी एक थर ठेवा.

(३) सायन थर उडाला की चित्र लाल होतं. इथे तीन थर कमी-जास्त प्रमाणात विटलेले असतात, म्हणून एका स्लायडरने भागत नाही. लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगवेगळा उघडा आणि प्रत्येकाचा काळा व पांढरा बिंदू त्या चॅनेलच्या आलेखाच्या टोकांशी आणा. मग मधला बिंदू डोळ्याने. ९० टक्के काम इथेच होतं. स्कॅनर वापरत असाल तर व्ह्यूस्कॅनमध्ये विटलेले रंग परत आणायचा पर्याय आहे, पण तो सरसकट सगळ्यांना लावू नका, चांगल्या स्लाइड्स भडक होतात. आणि कोडाक्रोम स्कॅनरमधून निळसर आली तर घाबरू नका, सॉफ्टवेअरमध्ये फिल्मचा प्रकार ‘कोडाक्रोम’ निवडा.

अंधारात ठेवलेली कोडाक्रोम रंग टिकवण्यात कुणालाही ऐकत नाही, पण प्रोजेक्टरच्या दिव्यात ती ई-६ पेक्षा लवकर विटते. जुन्या कार्यक्रमांत वारंवार दाखवलेल्या स्लाइड्स आणि त्याच रिळातल्या न दाखवलेल्या शेजारी ठेवून बघा. रंग सुधारताना न दाखवलेलीला नमुना धरा.

---

सम_आणि_खाली

संगीताकडे येऊ. सर्वसाधारण रीत अशी की चित्रं लावायची आणि खाली गाणं सोडायचं. याच्या उलट करा. आधी ध्वनिपट्टी पूर्ण तयार, तिच्यावर खुणा, मग चित्रं.

चित्रांची संख्या: एका चित्रापासून पुढच्यापर्यंतचं अंतर मोजा, चित्र दिसतं तो वेळ नव्हे. चित्र ९ सेकंद दिसतं आणि त्यातले ३ सेकंद पुढच्याबरोबर विरघळण्यात (डिझॉल्व्हमध्ये) जातात, तर अंतर ६ सेकंदांचं. २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, भागिले ६, दोनशे चित्रं. प्रेक्षकाला ही संख्या जड जाते. सरासरी अंतर ८ सेकंद धरा, दीडशे चित्रं. निवेदन असेल त्या भागात १० पर्यंत जा. सावकाश वाचलेलं मराठी निवेदन मिनिटाला साधारण १२० शब्द जातं, म्हणजे ८ सेकंदांत १६ शब्द. वाक्य त्याहून लांब असेल तर वाक्य कापा, चित्र ताणू नका.

आता ताल. मध्य लयीचा तीनताल मिनिटाला १२० मात्रांनी चालला असेल तर १६ मात्रांचं आवर्तन बरोबर ८ सेकंदांचं होतं. प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) एक चित्र, आपोआप हिशेब जुळतो. पण खुबी अशी की समेवर डिझॉल्व्ह सुरू करायचा नाही, तो समेवर अर्धा झालेला हवा. ३ सेकंदांचा डिझॉल्व्ह असेल तर दीड सेकंद आधी सुरू करा. डोळ्याला नवं चित्र ‘आलं’ असं मध्यावर वाटतं, सुरुवातीला नाही. समेवर सुरू केलेला डिझॉल्व्ह दर वेळी उशिरा आल्यासारखा दिसतो, आणि लोकांना काय खटकतंय ते कळत नाही.

सॉफ्टवेअरमधलं ‘बीटवर आपोआप जुळवा’ बंद. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात लय चढत जाते. १२० ला सुरू झालेली बंदिश शेवटी १६० ला पोहोचली तर आवर्तन ८ वरून ६ सेकंदांवर आलेलं असतं. शिवाय यंत्राला तबल्याचा प्रत्येक ठोका बीट वाटतो, सम कळत नाही. ध्वनिपट्टी वाजवत ठेवा आणि दर समेला हाताने खूण करा: ऑडॅसिटीत कंट्रोल आणि एम, डाविंची रिझॉल्व्हमध्ये नुसतं एम. हाताच्या खुणा दहावा-पाव सेकंद उशिरा पडतात, म्हणून शेवटी सगळ्या एकदम थोड्या मागे सरकवा.

प्रत्येक समेला चित्र बदललं तर तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. मधूनच एखादं आवर्तन सोडा, एखादा बदल खालीवर (नवव्या मात्रेवर) घ्या. खालीला डग्गा गप्प होतो, तिथे रानफूल, दवबिंदू असं जवळून घेतलेलं चित्र छान बसतं. समेला शिखर, कडा, माणसं. विलंबित एकतालाच्या वाट्याला जाऊ नका, आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं असतं, त्यात मात्रा मोजत बसावं लागेल. आलापीत ताल नाहीच, तिथे ४-५ सेकंदांचे लांब डिझॉल्व्ह आणि बदल स्वराच्या न्यासावर (सूर विसावतो तिथे). धुकं, पहाट यांना आलापी राखून ठेवा.

दोन तुकडे जोडताना षड्ज (सा), म्हणजे पेटीची कुठली पट्टी आहे, ते तपासा. एक ध्वनिमुद्रण काळी १ मध्ये आणि दुसरं पांढरी ४ मध्ये असेल तर एकमेकांत मिसळताना दोन तानपुरे भांडतात. अशा वेळी मधे ८-१० सेकंद नैसर्गिक आवाज घाला: धबधबा, रातकिडे, वारा. पहिलं संगीत त्यात पूर्ण विरू द्या, मगच दुसरं उचला. अर्ध्या सुराचा फरक असेल (पांढरी १ आणि काळी १) तर पिच बदलून चालतं. त्याहून जास्त ओढाताण केली की आवाज बनावट होतो, विशेषतः गायकाचा.

जुन्या कॅसेटवरचं निवेदन वाचवायचं असेल तर डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनला किंवा यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडा, हेडफोनच्या भोकातून नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. आवाज घोगरा, उंच स्वर मेलेले वाटले तर हेडच्या ॲझिमथचा (फितीशी असलेल्या कोनाचा) स्क्रू हळूच फिरवून ‘स’ आणि ‘श’ सर्वात स्पष्ट येतील तिथे ठेवा. हे मुद्रणापूर्वीच करायचं, नंतर इक्वलायझरने गेलेलं परत येत नाही. दोन-प्रोजेक्टर कार्यक्रमाच्या टेपवर बऱ्याचदा एका ट्रॅकवर संगीत-निवेदन आणि दुसऱ्यावर प्रोजेक्टरला इशारा देणारे पल्स असतात. एका बाजूला नुसतं ‘पूं-पूं’ ऐकू आलं तर ती बाजू फेकू नका. मूळ कार्यक्रमात चित्र कुठे बदलत होतं त्याचं अख्खं वेळापत्रक तिथे आहे. हिस (टेपची सरसर) काढताना ६-९ डेसिबलवर थांबा.

---

डबल_प्रोजेक्टर

सॉफ्टवेअर आणि डिझॉल्व्हबद्दल. प्रोशो अजूनही काही जण सुचवतात, पण ती कंपनी २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. नव्याने त्यात हात घालू नका. विंडोजवर स्लाइड शोसाठीच बनवलेलं पीटीई एव्ही स्टुडिओ चांगलं आहे. तो शो थेट ग्राफिक्स कार्डवर चालवतो, त्यामुळे हालचाल व्हिडिओ फाइलपेक्षा गुळगुळीत. मॅकवर फोटोमॅजिको. फुकट हवं असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह.

दोन प्रोजेक्टरचा डिझॉल्व्ह आणि संगणकाचा क्रॉसफेड यांत फरक दिसतो, तो भास नाही. प्रोजेक्टर पडद्यावर उजेडात उजेड मिसळत. संगणक बहुधा गॅमा लावलेल्या आकड्यांची सरासरी काढतो, आणि हे आकडे खऱ्या उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. पांढरं आणि काळं यांच्या मध्यावर प्रोजेक्टरवर ५० टक्के उजेड असे, साध्या क्रॉसफेडमध्ये तो सुमारे २२ टक्के उरतो. म्हणून सूर्य, पाणी, बर्फ असले चमकते भाग मध्येच मरगळतात. रिझॉल्व्हमध्ये क्रॉस डिझॉल्व्हची स्टाइल ‘व्हिडिओ’ऐवजी ‘फिल्म’ करून बघा. येणाऱ्या चित्रातले उजळ भाग आधी उगवतात, जुन्या कार्यक्रमाच्या बरंच जवळ जातं.

झूम-पॅनचा सोस आवरा. दीडशेपैकी वीस-पंचवीस चित्रांना पुरे, आणि तेही कारण असेल तर: कड्यावरचा बारीक माणूस दाखवायचाय, लांबलचक डोंगररांग आहे. पॅन थरथरला तर दोनच कारणं: २५ चित्रचौकटींची फाइल ६० हर्ट्झच्या प्रोजेक्टरवर चालतेय, किंवा चित्र गरजेपेक्षा खूप मोठं आणि अति-शार्प आहे. गवत, कारवीची पानं, पुरातन दगडी भिंती झूममध्ये चमचमतात ते दुसऱ्यामुळे. शार्पनिंग काढा, चित्र लागेल तेवढंच मोठं करून घ्या, शो ६० वर बनवा.

३:२ चित्र १६:९ मध्ये भरण्यासाठी वरून-खालून कापू नका, उंचीचा जवळजवळ १६ टक्के भाग जातो. बहुतेक वेळा शिखर किंवा पाय. काळी बाजू राहू द्या. उभ्या चित्राच्या मागे त्याचंच धूसर मोठं चित्र लावायची फॅशन आहे, ती लग्नाच्या व्हिडिओपुरती ठीक.

शीर्षकं देवनागरीत असतील तर आधी ‘ऱ्हस्व’, ‘दुर्ग’, ‘क्षितिज’, ‘तऱ्हा’ असे शब्द टंकून बघा. काही व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. तसं झालं तर इंकस्केप किंवा लिब्रेऑफिसमध्ये पाटी बनवा, पारदर्शक पीएनजी करून चित्रावर ठेवा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे टंक चालतील, जाडी मध्यम, कारण बारीक टंक प्रोजेक्टरवर वाचता येत नाही.

---

कलम_५२

हक्कांबद्दल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्यात निदान दोन थर असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे ‘तबकडी जुनी आहे’ एवढ्यावर मोकळे होऊ नका. पारंपरिक बंदिशीच्या बाबतीत रचना कुणाची नसेल, तरी नव्या ध्वनिमुद्रणाचा मालक असतोच.

कलम ५२ (१) (ट), इंग्रजी प्रतीत ‘के’, यात नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्याला सूट आहे. मंडळ ना-नफा आणि प्रवेश मोफत, म्हणजे सभागृहात वाजवण्याची बाजू बरीच सुरक्षित. मात्र ही सूट ऐकवण्यापुरती. गाणं व्हिडिओ फाइलमध्ये उतरवणं म्हणजे त्याची प्रत करणं, ते वेगळं कृत्य. आणि यूट्यूबवर चढवणं तर त्यात मुळीच बसत नाही, तिथली यंत्रणा काही सेकंदांत ओळखते. दोन आवृत्त्या काढा: सभागृहाची एक, इंटरनेटसाठी परवानामुक्त संगीताची दुसरी. सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या बासरी-सतारवाल्याकडून पारंपरिक रागधून वाजवून घ्यायची आणि वापराची लेखी संमती घ्यायची. तिकीट लावलंत तर हे सगळं बदलतं, तेव्हा आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाकडे आधी विचारा.

---

कडेकपारी

बासरीची कल्पना झकास, मंडळातच एक जण वाजवतात. शेवटचा प्रश्न: सभागृहात फाइल कशी न्यावी?

---

डबल_प्रोजेक्टर

एच.२६४, ३८४० × २१६०, ६० चौकटी, बिटरेट ५० ते ६० मेगाबिट, आवाज एएसी ३२० किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. २० मिनिटांची फाइल ८ जीबीच्या आसपास होईल. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल घेणारच नाही, एक्सफॅट करून घ्या. चालवताना मात्र पेन ड्राइव्हवरून नको, लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा. सोबत १९२० × १०८० ची प्रत ठेवाच, ‘फोर-के’ सांगितलेला प्रोजेक्टर ऐन वेळी वेगळा निघतो.

रंग एसआरजीबी. काळा राखाडी दिसला तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांतली एचडीएमआय रेंज जुळत नाहीये, एक ‘फुल’ आणि दुसरा ‘लिमिटेड’ आहे. दोन्हीकडे एकच ठेवा. प्रोजेक्टरवरची मोशन स्मूदिंग आणि ‘व्हिव्हिड’ बंद. एचडीएमआय तार १० मीटरच्या पुढे फोर-के ६० ला दगा देते, ऑप्टिकल एचडीएमआय मागा.

आवाज ब्लूटूथ स्पीकरवर मुळीच नाही, पाव सेकंदापर्यंत उशीर होतो आणि वर सांगितलेल्या समेची सगळी मेहनत पाण्यात. लॅपटॉपच्या हेडफोन भोकातून मिक्सरला जोडल्यावर ‘घूं’ आला तर चार्जर काढून बघा. गेला तर अर्थिंगचा घोळ. मधे डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेटर लावा. तालमीला आणि कार्यक्रमाला तोच चार्जर, तोच सॉकेट. सुरुवातीला ५ सेकंद काळं, शेवटी १५ सेकंद काळं ठेवा, म्हणजे प्लेअर बंद होऊन डेस्कटॉप पडद्यावर यायच्या आत दिवे लावता येतात.